तुकोबांचं कपाट कोणतं?

आमच्या गावच्या वाचनालयात आषाढात एक वेगळं कपाट मांडायचं मी ठरवलं. जागा दारातून आत आलं की डाव्या हाताला, देवघेवीच्या टेबलासमोर. विषय एकच घ्यायचा आणि त्यावरची कादंबरी, कविता, संशोधन, प्रवासाची हकिकत अशी सगळी पुस्तकं एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवायची. पहिला विषय पंढरपूर आणि तुकोबा. त्यासाठी निरनिराळ्या कपाटांतली पुस्तकं हलवावी लागणार होती, म्हणून कार्यकारी मंडळाची संमती हवी होती. मंडळावर माझे सख्खे काका आहेत. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, घराण्यात वारी असलेले. सगळ्यात ठाम विरोध त्यांचाच. त्या संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. त्यांच्या बोलण्यात वजन होतं, म्हणून दोन्ही बाजू जशाच्या तशा लिहिते आहे.

काका : वर्गवारी कशासाठी असते, सांग. दारात आलेल्या माणसाला कुणाच्या पाया न पडता पुस्तक मिळावं म्हणून. कादंबरी कादंबऱ्यांत, चरित्र चरित्रांत, इतिहास इतिहासात. त्यात कुणाची आवडनिवड नसते. तू दहा पुस्तकं उचलून दारात मांडलीस की ते तुझ्या आवडीचं कपाट झालं. वाचनालय सभासदांच्या वर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर चालतं, ग्रंथपालाच्या आवडीवर नाही.

मी : ज्याला पुस्तकाचं नाव माहीत आहे त्याची सोय वर्गवारीनं होते, काका. पण ज्याला नावच माहीत नाही त्याचं काय? आपल्याकडे बहुतेक सभासद पुस्तक ‘बदलायला’ येतात. हातातली कादंबरी टेबलावर ठेवली की पाय आपोआप कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळतात. चरित्रं वाचणारे चरित्रांपाशी थांबतात. वर्षानुवर्षं तेच कपाट, तीच फळी. पलीकडच्या ओळीत आपल्याच विषयावर आणखी काय आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

काका : त्यांना नको असेल. प्रौढ माणसं आहेत ती.

मी : नको आहे की दिसत नाही? इकडे या जरा.

मी त्यांना कवितेच्या कपाटापाशी नेलं. मराठी काव्यसंग्रह बहुधा सत्तर-ऐंशी पानांचा असतो. इतक्या पातळ पुस्तकाच्या कण्यावर नाव मावत नाही, मावलं तर वाचता येत नाही. अशी पुस्तकं दाटीनं उभी केली की नुसत्या कागदी कडा दिसतात. कोण कवी, कोणता संग्रह, काही कळत नाही. कुणी सहज फिरता फिरता थांबून एखादं उचलेल, तर त्यासाठी डोळ्यांना काहीतरी दिसायला हवं ना! मी एक संग्रह ओढून काढला आणि शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी दाखवली. दोन शिक्के होते आणि त्या दोहोंच्या मध्ये कित्येक वर्षं गेलेली होती. शेजारच्या कपाटातल्या कुठल्याही चलतीच्या कादंबरीला पहिली चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी डकवलेली असते.

काका : यावरून एवढंच कळतं की कवितेला वाचक कमी.

मी : मग ‘बहिणाबाईंची गाणी’? 1952 साली पुस्तक आलं, ते अजून छापलं जातंय. आपली प्रत इतकी फिरली की पुन्हा बांधून घ्यावी लागली. लोकांना ते नाव शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून ते मागून नेतात. ज्याचं नाव कानावर पडलेलं नाही तो कवी फळीवर पडून राहतो. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं तिसरं सूत्र पुस्तकाची बाजू घेतं, वाचकापर्यंत ते पोचवण्याची जबाबदारी आपल्यावर टाकतं. वाचकाला थेट फळीपर्यंत जाऊ देणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीचा त्यांनी आग्रह धरला तो याच सूत्राच्या आधारानं. आपण दारं उघडली, पण आतली पुस्तकं लपलेलीच राहिली.

एवढं त्यांना पटलं. कवितेची पुस्तकं समोरून मुखपृष्ठ दिसेल अशी लावावीत, म्हणाले. पण मिसळायची कशाला, हा त्यांचा मुद्दा कायम होता. मग मी त्यांना विचारलं, तुकोबांची गाथा कुठल्या कपाटात आहे?

काका : धार्मिक. अर्थात.

मी : आणि दिलीप चित्र्यांचं ‘पुन्हा तुकाराम’?

काका : ते बहुधा कवितेत असेल.

मी : हो, कवितेत. 1990 सालचं आहे. एका आधुनिक कवीनं तुकोबांचे अभंग निवडले आणि आजच्या वाचकापुढे कविता म्हणून मांडले. अभंग तेच, शब्द तेच. एक पुस्तक धार्मिक विभागात, दुसरं कवितेत, मध्ये अख्खी खोली. सदानंद मोऱ्यांचं ‘तुकाराम दर्शन’ समीक्षेत. ढेऱ्यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ संशोधनाच्या कपाटात, सर्वात वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. इरावतीबाईंचा वारीवरचा लेख ‘परिपूर्ती’त आहे आणि ‘परिपूर्ती’ ललितात. दि. बा. मोकाशींचं काय झालंय पाहा. 1964 सालची त्यांची ‘पालखी’ प्रवासवर्णनात, 1974 सालची ‘आनंदओवरी’ कादंबरीत. एकच लेखक, एकच ध्यास, आणि आपण त्याची दोन गावं केली. साडेचार हजारांवर अभंग लिहिणारा मराठीतला सर्वात मोठा कवी आपल्या कवितेच्या कपाटात नाही, हे तुम्हाला खटकत नाही?

काका : नाही खटकत. गाथा चाळण्याची वस्तू नाही. आमच्या घरात तिचा पाठ होतो. माझ्या वडिलांनी ती कविता म्हणून कधी हातात धरली नाही आणि त्यामुळे त्यांचं काही अडलंही नाही. चार कवींत पाचवा म्हणून तुकोबांना उभं केलंत की लोक आवडला अभंग घेतील, नावडता सोडतील. पाठात निवड नसते. जो नको वाटतो तोही म्हणावा लागतो. एखाद्या वर्षी तोच उघडतो.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पाठ करणाऱ्याला गाथेतून जे मिळतं ते निवडक वाचणाऱ्याला मिळत नाही. मी एवढंच म्हणाले, की पाठ करणारा वाचनालयात गाथा घ्यायला येत नाही, त्याच्या घरी देव्हाऱ्यापाशी ती असतेच. येतो तो दुसराच माणूस. त्याच्या घरात वारी नसते, पाठ नसतो, धार्मिक विभागाकडे तो फिरकतही नाही. मराठी कवितेच्या शोधात तो आला, तर तुकोबा त्याला भेटणार कुठे?

काकांनी मग त्यांचा खरा आक्षेप काढला.

काका : माझं भांडण कादंबरीशी आहे. वर्गात मी आयुष्यभर हेच निस्तरलं. पानिपत शिकवायला घेतलं की पोरं उत्तरपत्रिकेत विश्वास पाटलांच्या कादंबरीतले प्रसंग लिहायची. भाऊसाहेब असं म्हणाले, तसं म्हणाले. कुठे वाचलंस रे, विचारलं तर म्हणे, पुस्तकात. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे पुस्तक. कादंबरीकाराचा दोष नाही, त्यानं कादंबरी म्हणूनच लिहिली. पण छापलेला संवाद एकदा डोक्यात बसला की कागदपत्रांचा इतिहास तिथून त्याला हलवू शकत नाही. आणि तू तर दोन्ही एकाच फळीवर ठेवणार! उद्या गावातली माणसं ‘आनंदओवरी’ वाचून तुकोबांचा भाऊ काय म्हणाला ते कीर्तनात सांगायला लागतील.

मी : त्या पोरांनी शेजवलकर वाचले होते?

काका : शाळेतल्या पोरांनी शेजवलकर कशाला वाचावेत?

मी : निदान असं एक पुस्तक आहे, हे तरी त्यांना ठाऊक होतं का? शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ मराठीत 1961 साली आलं, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. विश्वास पाटलांची कादंबरी 1988 सालची. सत्तावीस वर्षं आधी आलेलं पुस्तक आपल्याच वाचनालयात चार कपाटं पलीकडे होतं आणि कादंबरी नेणाऱ्या एकालाही ते दिसलं नाही. तुम्ही म्हणता तो घोळ पुस्तकं मिसळल्यामुळे झालेला नाही, काका. ती वेगळी ठेवल्यामुळे झाला. कादंबरी एकटीच हाती पडली की वाचकाला तिचा शब्द शेवटचा वाटतो. शेजारी शेजवलकर असते आणि त्यांच्या शेजारी भाऊसाहेबांची बखर असती, तर दहातल्या एकानं तरी दोन्ही उघडून पाहिली असती.

काका : बखरीला तू कादंबरीच्या रांगेत बसवू नकोस.

मी : बसवत नाही. पण बखरीत संवाद आहेतच ना? डेऱ्यात कोण काय बोललं ते बखरकाराला कुणी सांगितलं होतं? तुम्हीच वर्गात सांगायचात की बखर पुरावा म्हणून घ्यायची, पण चाळणी लावून. ती चाळणी तुमच्या हातात आली कशी? बखर, पत्रव्यवहार आणि संशोधन तुम्ही एका टेबलावर मांडून वाचत आलात म्हणून. गावातल्या वाचकाला ते टेबल मिळू द्या, एवढंच माझं मागणं आहे.

काका थोडे थांबले. मग म्हणाले, पानिपताचे निदान कागद आहेत. तुकोबांच्या घरातल्या गोष्टींचे कुठे आहेत? कान्होबाच्या मनात काय चाललं होतं, हे मोकाशींनी कशावरून लिहिलं?

ज्यांनी ‘आनंदओवरी’ वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही लहानशी कादंबरी तुकोबांचा धाकटा भाऊ कान्होबा याच्या तोंडून येते. तुकोबा नाहीसे झालेत आणि मागे राहिलेला भाऊ त्यांचा शोध घेतो आहे. चमत्काराची गोष्ट ज्या ठिकाणी संपते तिथे मोकाशी सुरुवात करतात. कुटुंबातला एक माणूस देवाचा झाला तर संसार कुणी ओढायचा, भावावर माया करायची की त्याचा राग धरायचा, असले प्रश्न त्या भावाला पडतात. अतुल पेठे यांनी तिचा एकपात्री प्रयोगही बसवला, किशोर कदम तो करायचे.

मी : काका, गाथेत कान्होबांचे अभंग आहेत ना?

काका : आहेत. भाऊ गेल्यावरचे. देवाशी भांडलेत ते. माझा भाऊ मला परत दे म्हणून विठोबाला वाटेल ते बोललेत. वडील ते म्हणायला लागले की आवाज कापायचा त्यांचा.

मी : मोकाशींचा कागद तोच. हवेतून काढलेला कान्होबा नाही तो. गाथेतला एक माणूस त्यांना ऐकू आला, त्याचं पुढचं मागचं त्यांनी कल्पनेनं भरलं. कादंबरी इथे कवितेच्या पोटातून आलीय. आता ती कादंबऱ्यांत ठेवा आणि गाथा धार्मिक पुस्तकांत, म्हणजे हे नातं कुणाला कधी कळणारच नाही.

काका : मग लोकांनी अभंगच वाचावेत. कादंबरीचा वळसा कशाला?

मी : मी गाथा आधी वाचली होती, काका. ते अभंग माझ्या नजरेखालून गेले आणि मी पुढच्या पानावर गेले. ‘आनंदओवरी’ वाचल्यावर परत उघडली तेव्हा त्यांच्यापाशी थांबले.

काका : मी दर वर्षी थांबतो.

मी : तुम्ही थांबता कारण तुमच्या वडिलांचा आवाज तुमच्या कानात आहे. ज्याच्या घरी तो आवाज नव्हता त्याला मोकाशी थांबवतात.

काका यावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी ‘पालखी’ मात्र मागितली. मोकाशी आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालले त्याची ही हकिकत. बरोबर चालणारी माणसं काय बोलतात, कशासाठी आलीत, घरी काय सोडून आलीत, हे विचारत विचारत एक लेखक चालला आहे. काकांनी उभ्याउभ्याच पानं उलटली. एका मुक्कामाचं वर्णन वाचून म्हणाले, हे बरोबर लिहिलंय. मी त्यांच्या हातात ‘परिपूर्ती’ही दिली आणि ‘वाटचाल’ हा लेख काढून दिला. 1949 सालचं पुस्तक. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, दिंडीबरोबर त्या स्वतः चालल्या. ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होतात, हे त्यांनी त्यात लिहिलं आहे आणि त्याची टोचणीही लिहिली आहे. दिवसभर एकाच ओळीत अभंग म्हणायचे आणि पंगतीला बसताना वेगळं व्हायचं. अभंगांत काय म्हटलंय आणि रस्त्यावर काय घडतंय, यांतलं अंतर त्या लेखात मोजलं गेलं. नुसती गाथा वाचून ते कळलं नसतं. आणि नुसता तो लेख वाचून, हे अंतर इतकं का टोचावं, तेही कळलं नसतं. तिसरीकडून ढेरे येतात. पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ ते गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेतात. एका देवापाशी किती लोकांचे देव येऊन मिळाले ते दाखवतात. मग तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर काटेवाडीला मेंढरांचं रिंगण पाहणाऱ्या वाचकाला ते दृश्य नुसतं कौतुकाचं राहत नाही.

काका : इरावतीबाईंनी लिहिलंय ते खरं आहे. मी लहानपणी पाहिलंय. बरं, मिसळण्यात अर्थ आहे, मान्य केलं. पण माझी भीती सांगतो. माणसं चाखतील. इथलं एक प्रकरण, तिथल्या दोन कविता, आणि वाटेल की विषय झाला. एकाच विषयात बुडून वाचणारा माणूस तुझ्या कपाटापाशी तयार होईल का? मी पेशवाईवर जे वाचलं त्यात उमेदीची वर्षं घातली. दुसरं काही वाचलं नाही, त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मी : ती भीती मलाही आहे. म्हणून तर ‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ असल्या याद्या मला आवडत नाहीत. एक रशियन कादंबरी, एक हायकूंचा संग्रह, एक अंतराळावरचं पुस्तक, एक आत्मचरित्र. त्यांचा आपापसांत संबंध काही नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात ती एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या फळीवर विषय एकच राहील. बुडायचं तर त्यातच, फक्त तीन-चार वाटांनी उतरून.

काका : भिलारला काय केलंय पाहिलंस? पुस्तकांचं गाव. तिथे एकेका घरात एकेक प्रकार. कथा एका घरी, कविता दुसऱ्या, इतिहास तिसऱ्या. सरकारनंही वर्गवारी मोडली नाही.

मी : पाहिलंय. 4 मे 2017 ला सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणं होती. पण तिथे माणूस एका घरातून निघून दुसऱ्या घरात जातो, वाटेत स्ट्रॉबेरीची शेतं पाहतो, दिवसभरात चार घरं हिंडतो. सुट्टी काढून आलेला असतो तो. आपला सभासद बाजारातून परत जाताना दहा मिनिटं टेकतो. त्याला चार घरं हिंडवायची तर ती एका फळीवर आणावी लागतील. आणि लिहिणाऱ्यांनी तरी या भिंती कधी मानल्या? जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये नाटक लिहिलं, 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा केला, 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती सगळी प्रश्नोत्तरांत, 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’. ‘अखंड’ ही पद्यं लिहिली ती वेगळीच. सांगायचं एकच होतं, ते ज्या साच्यात नीट बसेल त्या साच्यात त्यांनी सांगितलं. दया पवारांनी आधी ‘कोंडवाडा’तल्या कविता लिहिल्या, चार वर्षांनी ‘बलुतं’. ‘बलुतं’ वाचलेली शेकडो माणसं आपल्या गावात आहेत. ‘कोंडवाडा’ किती जणांनी पाहिलंय?

काका : मी नाही पाहिलेलं.

मी : उद्या काढून देते.

मंडळाच्या बैठकीत काकांनी माझ्या बाजूनं मत दिलं, पण तीन अटी घालून. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रकार ठळक लिहायचा: कादंबरी, संशोधन, कविता, अनुभव. कादंबरीच्या आत एक चिठ्ठी ठेवायची, तीत याच विषयावर संशोधन कुठलं वाचावं ते नाव असेल. आणि विषय मी एकटीनं ठरवायचा नाही, दर दोन महिन्यांनी सभासदांच्या वहीतून घ्यायचा. तिन्ही अटी मला मान्य आहेत. निवडणाऱ्याचं नाव फळीवर लिहायचं, ही चौथी मी घातली. कुणी निवडलं ते कळलं की वाचकाला भांडता येतं.

काका अजूनही म्हणतात की इतिहास आधी वाचावा, कादंबरी नंतर. माझं मत उलट आहे. कादंबरी किंवा कविता माणसाला प्रश्न लावते, आणि प्रश्न लागलेला माणूसच वरच्या फळीवरच्या जाड पुस्तकासाठी स्टूल ओढतो. यावर आमचं जमलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात त्या फळीवरून आधी ‘पालखी’ गेली, मग ‘आनंदओवरी’. ढेऱ्यांचं पुस्तक अजून तिथेच आहे. वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या खेपेला पुस्तक बदलायला जाल तेव्हा हातातल्या पुस्तकाचाच विषय धरा आणि त्यावरचं दुसऱ्या प्रकारचं एक पुस्तक मागा. कादंबरी परत करत असाल तर त्यावरचा इतिहास मागा, इतिहास परत करत असाल तर त्या काळातली कविता. ग्रंथपालाला ठाऊक नसेल तर त्याला शोधायला लावा. त्यासाठीच तर आम्ही तिथे बसलेलो असतो.